तिसऱ्या सेशनला टेबल का मोडतं? ऑनलाइन रोलप्लेइंगसाठी माणसं शोधणं आणि पारखणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकमध्ये राहून ऑनलाइन ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (पात्रं वठवत, फासे टाकत एकत्र कथा रंगवण्याचा खेळ) खेळणारा, मराठीत बोलणारा गट उभा करायचा आहे. दोनदा गट जमला आणि दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या सेशनला, म्हणजे खेळाच्या बैठकीला, माणसं येईनाशी झाली. खेळाडू कुठे शोधायचे, त्यांची पारख कशी करायची, आणि उद्या स्वतः खेळाडू म्हणून बसायचं झालं तर चांगला गेम मास्टर, म्हणजे कथा आणि खेळ चालवणारा, कसा ओळखायचा?

आधी मोडण्याचं कारण बघू. नियम येत नाहीत म्हणून टेबल, म्हणजे खेळणारा गट, सहसा मोडत नाही, कारण लागतात तेवढे नियम तीन सेशनमध्ये कोणालाही येतात. वेळ जुळत नाही आणि अपेक्षा जुळत नाहीत, या दोन गोष्टींनी ते मोडतं. त्यात आपल्याकडे भर पडते ती भिडेची. ‘मला जमणार नाही’ हे तोंडावर सांगणं जड जातं. मग माणूस आधी उशिरा येतो, नंतर ‘आज घरी पाहुणे आहेत’ म्हणतो आणि शेवटी मेसेज वाचून गप्प राहतो. बहुतेक वेळा तो चांगला खेळाडू असतो, फक्त त्याला मानाने बाहेर पडायला वाट ठेवलेली नसते. म्हणून खालच्या सगळ्या खटाटोपाचा रोख एकच आहे: कोणालाही लांबच्या मोहिमेत, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या कथेत, घेण्याआधी त्याच्याबरोबर एक छोटा, ठरल्या वेळी संपणारा खेळ खेळा, आणि त्यानंतर नाही म्हणणं दोन्ही बाजूंना सोपं ठेवा.

शोधाला लागण्याआधी स्वतःशी काही गोष्टी पक्क्या करा. पहिली म्हणजे संख्या. चार खेळाडू हवे असतील तर पाच घ्या आणि तीन आले तरी खेळ होईल हे आधीच सांगून ठेवा. ऑनलाइन सहा घेऊ नका. समोरासमोर बसल्यावर सहा जण चालून जातात, कारण दोघं बाजूला कुजबुजू शकतात. व्हॉइस कॉलवर एका वेळी एकाचाच आवाज नीट ऐकू येतो. लढाईत प्रत्येकाच्या पाळीला तीन मिनिटं आणि गेम मास्टरच्या राक्षसांना पाच मिनिटं धरली, तर सहा जणांत आपली पाळी पुन्हा यायला वीस मिनिटं लागतात. चार जणांत चौदा लागतात. वीस मिनिटं नुसता ऐकत बसलेला माणूस दुसऱ्या टॅबवर जाणारच, त्यात त्याचा दोष नाही.

दुसरी गोष्ट वेळ, आणि इथे नाशिकचा विचार करायलाच हवा. सातपूर-अंबडला कंपनीत असलेल्या माणसाची पाळी बऱ्याचदा आठवड्याला फिरते. तुम्ही शुक्रवारी रात्री ९ ते १२ ठेवलंत तर सकाळपाळीच्या आठवड्यात तो येईल, दुपारपाळीत येणार नाही आणि रात्रपाळीत दहाच्या सुमारास उठून जाईल. म्हणजे तीन आठवड्यांत पूर्ण सेशन एकच. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असंही धरून चालू नका, विचारून घ्या. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदार घरातला खेळाडू ऑक्टोबर छाटणीत आणि जानेवारी ते मार्च माल निघायच्या दिवसांत सापडणार नाही. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी सत्र परीक्षेच्या तोंडावर गळतात. अशा मिश्र गटाला सगळ्यांत मानवणारी वेळ म्हणजे दर दुसऱ्या रविवारी सकाळी १० ते १, आणि मोहीम सहा ते आठ सेशनची. जूनमध्ये सुरू केली तर छाटणीच्या आत संपते.

परदेशातले मराठी खेळाडू घेणार असाल तर वेळ नेहमी भारतीय वेळेत लिहा. आपली घड्याळं बदलत नाहीत, त्यांची बदलतात. आपल्या रात्री ९ ला लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेअकरा आणि साडेदहा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. या मधल्या आठवड्यांत कोणीतरी हमखास तासभर चुकतो, म्हणून तेवढ्या काळापुरती आदल्या दिवशी आठवण टाका.

आता शोधायचं कुठे. असे खेळ ऑनलाइन खेळायच्या रोल ट्वेंटी या संकेतस्थळावर गट शोधण्याचा विभाग आहे, रेडिटवर त्यासाठी वेगळा समुदाय आहे, डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर भारतीय खेळाडूंचे सर्व्हर (गट) आहेत. तिथे माणसं पुष्कळ मिळतात, पण मराठीत खेळणारी थोडी. मराठी टेबलासाठी जास्त उपयोगी पडतात ते जवळचे झरे: कॉलेज रोड-गंगापूर रोड भागात बोर्ड गेम खेळायला जमणारे गट, कॉलेजांमधले गेमिंग आणि वाङ्मय मंडळवाले, वाचनालयात भेटणारे कल्पनारम्य कथांचे वाचक, आणि एकांकिका करणारी मुलं. नाटकवाली मंडळी पात्रात पटकन शिरतात, आवाज कमावलेला असतो, दुसऱ्याला क्यू द्यायची सवय असते. एक गोष्ट मात्र त्यांना आधी सांगावी लागते: इथे प्रसंगाचा शेवट फासा ठरवतो, आणि रंगलेलं स्वगत झाल्यावरही फाशावर ३ पडू शकतात. हे ज्यांना आवडतं ते उत्तम खेळाडू होतात.

जाहिरात हीच तुमची पहिली चाळणी. ‘डी अँड डी खेळायला कोणी आहे का?’ असं टाकलंत तर चाळीस अंगठे येतील आणि पहिल्या रविवारी दोघं हजर असतील. जाहिरातीत इतकं नेमकं लिहा की न जुळणारा वाचूनच पुढे जाईल. नमुना देतो:

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. आधी तीन तासांचा एक वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारी कथा), त्यानंतर जमलं तर सहा सेशनची मोहीम. दर दुसऱ्या रविवारी सकाळी १० ते १, भारतीय वेळ. बोलणं मराठीत, नियमांचे शब्द इंग्रजीत. डिस्कॉर्डवर आवाज, कॅमेरा नको, हेडफोन हवा. नकाशा ब्राउझरमध्ये, मोबाइलवरही चालेल. वय १८ पूर्ण. जागा पाच, नवखे चालतील. तपास आणि संवाद जास्त, लढाई सेशनला एखादी. लैंगिक हिंसा कथेत अजिबात नाही. उत्तरात दोन गोष्टी लिहा: तुमच्या पात्राच्या खिशात कायम असणारी एक वस्तू, आणि पुढच्या दोन महिन्यांत न जमणारे रविवार. निवड १५ तारखेपर्यंत कळवू, नकार असला तरी कळवू.’

शेवटच्या दोन मागण्यांवर अर्धी पारख होते. खिशातल्या वस्तूवरून माणसाने जाहिरात शेवटपर्यंत वाचली का ते कळतं, शिवाय त्याची कल्पनाशक्ती कुठल्या दिशेने जाते तेही दिसतं. ‘तलवार’ लिहिणारा वाईट नाही, पण ‘बहिणीच्या लग्नपत्रिकेची घडी’ लिहिणाऱ्याने तुम्हाला आयती कथा आणून दिली. न जमणाऱ्या रविवारांच्या यादीचं महत्त्व त्याहून जास्त. ‘सगळे जमतील’ असं लिहिणाऱ्याकडे जरा सावध बघा. दोन महिन्यांत एकही लग्न, परीक्षा किंवा गावी जाणं नाही असा माणूस विरळा. ‘१२ आणि २६ तारखेला नाही’ असं लिहिणाऱ्याने कॅलेंडर उघडून पाहिलेलं असतं, आणि तोच बाकीच्या दिवशी येतो.

२०१४ की २०२४ हे लिहायला विसरू नका. दोन्ही वर्षांच्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये जादूचे मंत्र आणि पात्रांचे वर्ग बऱ्याच ठिकाणी बदलले आहेत, आणि अर्धे खेळाडू एका नियमावर, अर्धे दुसऱ्यावर असले की प्रत्येक लढाईत वाद होतो. नवख्याला पुस्तक विकत घ्यायला लावू नका, आणि चोरटी पीडीएफ तर फिरवूच नका. २०२३ च्या जानेवारीपासून एसआरडी ५.१ हा मूलभूत नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. २०२४ च्या नियमांवरचा एसआरडी ५.२ देखील २०२५ मध्ये तसाच खुला झाला. सुरुवातीला तेवढं पुरतं.

फॉर्म भरून घ्यायचा असेल तर तो लहान ठेवा. हाक मारायचं नाव, वयोगट, कुठून आणि कोणत्या उपकरणावरून खेळणार, आधी काय खेळलंय, लढाई-संवाद-शोध यांपैकी जास्त काय आवडतं, कथेत काय अजिबात नको, एवढं बस. आडनाव, फोटो, घरचा पत्ता, कंपनीचं नाव मागू नका. आपल्याकडे आडनाव आलं की पुढचा प्रश्न गावाचा येतो आणि खेळाआधीच माणसाची खाती पडायला लागतात. पहिल्याच दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुप काढायची घाई तर टाळाच. तिथे प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि अनोळखी पाच जणांपुढे नंबर उघडा पडणं मुलींना विशेषतः त्रासाचं होतं. डिस्कॉर्डवर नंबर न दाखवता काम भागतं. अठरा वर्षांखालच्यांचं टेबल वेगळं असू द्या. डिस्कॉर्डला वयाची अट १३ ची आहे, पण आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालकच धरली आहे. मुलांच्या टेबलावर पालकांशी आधी बोला आणि सगळी चर्चा उघड्या चॅनेलवर ठेवा, एकेकट्याशी खासगी गप्पा नकोत.

यानंतर वीस मिनिटांचा व्हॉइस कॉल. इथे बहुतेक जण एक चूक करतात: एकेकाला वेगळं बोलावून नोकरीसारखी मुलाखत घेतात. चांगला खेळाडू ओळखण्याची खूण म्हणजे तो दुसऱ्याचं ऐकतो, आणि दुसरा कोणी हजरच नसेल तर ती खूण दिसणार कुठून? उमेदवार दोघादोघांनी बोलवा. पहिली पाच मिनिटं ओळख आणि माइक. हेडफोन नसेल तर सगळ्यांचा आवाज त्याच्या स्पीकरमधून परत घुमतो. पंखा माइकच्या थेट समोर असेल तर सतत घरघर येते. स्वयंपाकघर शेजारी असेल तर बटण दाबूनच बोलायची सेटिंग लावून घ्या, कुकरच्या शिट्ट्यांचा प्रश्न मिटतो.

मग दहा मिनिटांचा एक प्रसंग खेळा. राक्षस, जादू काही नको, दोघांना माहीत असलेली जागा घ्या. उदाहरणार्थ:

‘चार दिवस पाऊस आहे, धरणातून पाणी सोडलंय. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलंय. सराफ बाजारातल्या एका दुकानाच्या पायरीवर तुम्ही दोघं उभे आहात, पाणी घोट्याच्या वर आलंय. आत म्हातारे दुकानदार कपाटं उपसतायत, जुनी खातेवही सापडल्याशिवाय निघणार नाही म्हणतात. काय करता?’

एक जण म्हणेल, ‘मी त्यांना खांद्यावर टाकतो आणि निघतो, किती रोल करू?’ यात वाईट काही नाही, फक्त पुढे दुसऱ्याला जागा ठेवतो का ते बघा. दुसरा म्हणेल, ‘काका, वहीचा पुठ्ठा कुठल्या रंगाचा?’ आणि मग सोबत्याकडे वळून, ‘तू दारावर लक्ष ठेव, पाणी दुसऱ्या पायरीला आलं की हाक मार.’ या दुसऱ्याने दोन वाक्यांत म्हाताऱ्याला माणूस मानलं, प्रसंगातला तपशील मागितला आणि सोबत्याला काम दिलं. असा माणूस नियमात कच्चा असला तरी घ्या.

मग एक फासा टाकायला लावा. अवघडपणा १५ ठेवा, म्हणजे एकूण तेवढे व्हायला हवेत, आणि पडलेल्या आकड्यात पात्राचे अधिक २ धरा. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा त्याहून जास्त हवेत, शंभरात चाळीसच वेळा जमेल. अपयश येण्याची शक्यता जास्त आहे आणि तीच तुम्हाला हवी आहे. वही हातातून निसटली, पाण्यात पडली, शाई पसरायला लागली. आता तो काय करतो? ‘पण मी तर घट्ट धरली होती’ असं हुज्जत घालणारा पुढे प्रत्येक फसलेल्या फाशावर तेच करणार. ‘अरेरे, मी शर्ट काढून त्यात गुंडाळतो, निदान मधली पानं वाचतील’ म्हणणारा अपयशातून कथा पुढे नेतो. वर्षभर टेबल टिकतं ते अशा माणसांवर.

शेवटच्या पाच मिनिटांत विचारा, ‘आधीच्या गटात काय आवडलं नव्हतं?’ प्रत्येक जुना गेम मास्टर मूर्ख आणि प्रत्येक जुना खेळाडू बालिश ठरवणारा माणूस सहा महिन्यांनी तुमच्याबद्दल तेच सांगेल. ‘लढाया फार लांबायच्या, मला कंटाळा यायचा’ असं नेमकं सांगणारा कामाचा, कारण त्याचं कुठे जुळेल हे तुम्हाला लगेच कळतं.

निवडलेल्या पाच जणांबरोबर तीन तासांचा वन-शॉट. पात्रं तयार द्या, दुसऱ्या पातळीची. पहिल्या पातळीवर एका नशीबवान घावात पात्र मरतं आणि नवखा हिरमुसतो, तिसऱ्या-चौथ्यापासून कागदावरच्या क्षमता वाचण्यातच वेळ जातो. पहिली वीस मिनिटं माइक-नकाशाला जाणारच, ती धरूनच तीन प्रसंग आखा: पाऊण तास बोलाचालीचा, पाऊण तास शोधाचा, तासभर लढाईचा. मध्ये दहा मिनिटं सुट्टी. वन-शॉट ‘पुढे चालू’ असा लटकवून ठेवू नका, कथा तिथेच संपवा. पुढचं दार तेव्हाच मोकळं राहतं. सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा: ‘आजचा खेळ आज पूर्ण होणार आहे. मोहिमेत यायचं का, हे प्रत्येकाने ४८ तासांत मला एकट्याला कळवायचं. काही न कळवणं म्हणजे नाही, आणि त्याचं कारण कोणी विचारणार नाही.’ या एका वाक्याने भीड निघून जाते. मौनालाच नकार ठरवल्यामुळे कोणाला पाहुण्यांचं निमित्त शोधावं लागत नाही.

तुमच्या बाजूचा नकारही तितकाच साधा असू द्या. ‘तुमच्याबरोबर खेळून छान वाटलं. या मोहिमेला मला संवादाकडे झुकणारा गट हवा आहे, म्हणून या वेळी जागा देत नाही. लढाईचा वन-शॉट ठेवला की कळवेन.’ कारण खरं आणि एकच द्या. कळवेन म्हटलं तर खरोखर कळवा. दोन जणांना विचारून प्रतीक्षायादीत ठेवा.

आता उलट बाजू. खेळाडूनेही गेम मास्टरची पारख करावी, त्यात उद्धटपणा काही नाही. चार प्रश्न पुरतात: मोहीम किती सेशनची आहे? मी एका दिवशी आलो नाही तर माझ्या पात्राचं काय होईल? पात्र मेलं तर पुढे काय? तुम्ही स्वतः बदललेले नियम कुठे लिहिले आहेत? ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ असं चारही प्रश्नांना उत्तर आलं तर त्याने विचार केलेला नाही. खेळण्याआधी तीस पानं जगाचा इतिहास वाचायला लावणारा, स्वतःचंच एक सर्वशक्तिमान पात्र गटाबरोबर फिरवणारा, सुरुवातीची चर्चा ‘वेळेचा अपव्यय’ म्हणून टाळणारा, एखाद्या खेळाडूशी सतत खासगीत बोलून तिला किंवा त्याला वेगळी वागणूक देणारा, अशांपासून दूर राहा. यातलं शेवटचं दिसलं तर दुसरी संधीही देऊ नका. पहिल्यांदाच चालवणाऱ्या गेम मास्टरला मात्र नाकारू नका. तो छापील, तीन-चार सेशनची साहसकथा घेऊन बसणार असेल तर अनुभवी माणसापेक्षा जास्त तयारी करून येतो.

पैसे घेऊन खेळवणारेही आहेत, ‘स्टार्टप्लेइंग’सारख्या ठिकाणी ते प्रति सेशन शुल्क लावतात. ओळखीतून मिळालेला असेल आणि यूपीआयने पैसे द्यायचे असतील तर दहा सेशनचे एकदम देऊ नका. एका सेशनचे द्या, रद्द झालं तर काय हे लिहून घ्या.

वन-शॉटनंतर जे उरतील त्यांच्याबरोबर दीड तासाचं सेशन झिरो, म्हणजे खेळाआधीची बैठक. रॉन एडवर्ड्स यांनी रूढ केलेली ‘लाइन्स’ (रेषा) आणि ‘व्हेइल्स’ (पडदे) ही पद्धत इथे कामी येते: काही गोष्टी कथेत येणारच नाहीत, काही घडतील पण पडद्याआड. आपल्या टेबलांवर जातिवाचक शिव्या, शेतकरी आत्महत्या आणि देवदेवतांचा वापर हे तीन विषय नाव घेऊन विचारा, कारण परदेशी नमुन्यांच्या यादीत ते सापडत नाहीत. पंचवटीच्या शहरात कोणाला राम कथेत आलेला आवडेल, कोणाला अजिबात नाही, आणि हे अंदाजाने ठरवायची गोष्ट नव्हे. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांचं ‘एक्स-कार्ड’ ऑनलाइन वापरणं तर सोपंच आहे: चॅटमध्ये फुलीचं चिन्ह टाकलं की प्रसंग तिथेच थांबतो, कारण विचारलं जात नाही. वन-शॉटच्या आधीही एवढं एक वाक्य सांगून ठेवा.

मराठी टेबलाचा एक खास प्रश्नही याच बैठकीत सोडवा. एकोणीस वर्षांचा मुलगा आणि पंचेचाळीस वर्षांच्या बाई एकाच गटात असतात, पण कथेत तो सरदार आणि त्या त्याच्या हाताखालच्या शिपाई. अरे-तुरे कोणी कोणाला करायचं? सरळ उपाय: पात्र पात्राला कथेप्रमाणे हाक मारेल, आणि खेळाबाहेर सगळे एकमेकांना ‘तुम्ही’. गेम मास्टरनेही ‘तुझा वार चुकला’ आणि ‘तुमची पाळी आहे’ हा फरक पाळला की कोण कोणाशी बोलतंय हे आवाजावरूनच कळतं.

साधनांबद्दल थोडक्यात. नकाशासाठी आउलबेअर रोडिओ हे साधन हलकं आहे, ब्राउझरमध्ये चालतं, सुरुवातीला तेच घ्या. फाउंड्री हे त्याच कामाचं दुसरं साधन एकदाच विकत घ्यावं लागतं आणि तेही फक्त गेम मास्टरला. पण घरच्या संगणकावरून चालवताना अडचण येते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच इंटरनेट जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी नसतो आणि पोर्ट उघडूनही बाहेरचे खेळाडू आत येत नाहीत. टनेल (बाहेरच्यांना आत यायला आडवाट देणारी सेवा) किंवा भाड्याचा सर्व्हर लागतो. वीज गेल्यावर राउटर बंद पडू नये म्हणून त्याला छोटा बॅकअप लावा, आणि मोबाइल हॉटस्पॉट तयार ठेवा. नुसत्या आवाजाला डेटा कमी लागतो, व्हिडिओच तो खातो.

मोहीम सुरू झाल्यावर न कळवता दोनदा गैरहजर राहिलेल्याशी एकट्याशी बोला. विचारायचं ते ‘वेळ बदलली आहे का?’ असं, ‘का आला नाहीस?’ असं नाही. काढायचंच झालं तर गटात मतदान घेऊ नका, त्याने माणूस दुखावतो आणि उरलेलेही धास्तावतात. स्वतः फोन करा, दोन वाक्यांत सांगा, त्याच्या पात्राला कथेतून सन्मानाने निरोप द्या. प्रतीक्षायादीतला नवा माणूस आणायचा तो एखादा टप्पा संपल्यावर, आधीच्या कथेचा पाच ओळींचा सारांश देऊन, आणि त्याच्या पात्राची जुन्यांपैकी एकाशी आधीची ओळख ठेवून. पहिल्या सेशननंतर त्यालाही तीच ४८ तासांची मुदत द्या, मोहीम मध्यावर आली असली तरी.